उम्म बासिलची टाकी

ताज टेकडीवरच्या आमच्या गल्लीत पाणी बुधवारी येतं. येतं म्हणायचं आपलं. कधी दुपारी बाराला, कधी चारला, आणि एखाद्या बुधवारी खालच्या रस्त्यावर पाइप फुटला की येतच नाही. मग पुढच्या बुधवारपर्यंत गच्चीवरच्या टाकीत जे काही असेल त्यावर भागवायचं. पाहुण्यांनीसुद्धा वार बघून यावं. अम्मानमध्ये जन्म गेलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. आम्ही चिडतो, पाणीखात्याच्या नावानं बोटं मोडतो आणि बादल्या लावतो.

पाण्याची वर्दी द्यायचं काम उम्म बासिलचं. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण तिचं घर पायऱ्यांच्या अगदी खालच्या वळणावर, त्यामुळे पाणी आधी तिच्या नळाला. पाण्याच्या आधी नळातून हवा येते. ती फुसफुस कानावर पडली की बाई हातातलं काम टाकून डाव उचलायची आणि जिन्याचा लोखंडी कठडा बडवायची. "आलं गं, आलं! झोपा काढताय काय?" लगेच वरच्या टोकापर्यंत प्रत्येक घरात धावाधाव. चाळीस वर्षं हा कार्यक्रम चाललाय, आणि आजारपणातसुद्धा तिनं तो चुकवलेला नाही.

उम्म बासिल म्हणजे बासिलची आई. खरं नाव नजमिया, पण ते आता ओळखपत्रावर काय उरलंय तेवढंच. एकोणिसाव्या वर्षी मादबाहून लग्न होऊन आली. नवरा मिनीबस चालवायचा, स्वभावानं गरीब माणूस. नऊ वर्षं पाळणा हलला नाही. त्या नऊ वर्षांत सासरच्या बायकांनी तिला काय काय ऐकवलं ते ती कधी सांगत नाही, पण बासिल झाला त्या दिवसापासून कोणी नजमिया म्हणून हाक मारली तर तिनं ओ दिलेली नाही. मुलगा एकुलता एक. घरी शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवून शिवून तिनं त्याला विजेच्या कामाचं शिक्षण दिलं. नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगा सहा वर्षांपूर्वी दोह्याला गेला. तेव्हापासून दोन खोल्या, पुढे अंगण, वर गच्ची, पुदिन्याच्या चार कुंड्या आणि ती.

बासिल वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून ठेवते. दर महिन्याला घरखर्च पाठवतो, ईदला येतो, येताना आईसाठी गुडघ्याचं मलम आणतो. पण फोन? फोनचं म्हणाल तर शुक्रवारी सकाळी गुलाबाच्या फुलाचं चित्र येतं. फुलावर दवबिंदू, खाली सोनेरी अक्षरात शुभेच्छा. तेच चित्र त्यानं आणखी चाळीस जणांना पाठवलेलं असणार, हे काय तिला कळत नाही? ती चष्मा लावून चित्र बघायची, अंगठा लावून एक लाल बदाम परत पाठवायची आणि मोबाईल पालथा घालायची. "त्यापेक्षा एक शिवी दिली असतीस रे," ती पुटपुटायची, "निदान आवाज तरी ऐकला असता."

मग हिनं का करू नये फोन? एकदा केला होता. तो शिडीवर होता, कुठल्याशा इमारतीच्या छतात वायरी ओढत. "यम्मा, कामावर आहे, नंतर करतो," म्हणाला. आमच्याकडे मुलगा आईला यम्मा म्हणतो आणि आईही मुलाला यम्माच म्हणते, त्यामुळे कोणाची माया कोणावर ते ऐकणाऱ्याला कळू नये. "बरं यम्मा," म्हणून हिनं ठेवला. ते नंतर काही आलं नाही. त्या दिवसापासून हिनं मनाशी गाठ बांधली की आपण होऊन त्याला त्रास द्यायचा नाही. शिडीवरून पडला म्हणजे? आणि खरं सांगायचं तर, थोडा अहंकारही होताच. आई झाली म्हणून काय मुलाच्या दारात ताटकळत बसायचं?

गेल्या ईदला बासिल आला तो एक डबी घेऊन. दहा दिवसांतले दोन दिवस तो गच्चीवरच होता. टाकीत एक काळं बोंड सोडलं, त्याची तार बाहेर काढली, डबीत सिमकार्ड घातलं आणि डबी टाकीच्या बाजूला बसवली. मग आईला वर बोलावलं आणि आपल्या मोबाईलवर टाकीचं चित्र दाखवलं. निळं पाणी, वर आकडा.

"हे बघ, एक्क्याऐंशी टक्के. दोह्यात बसून मला दिसणार, तुझ्या टाकीत पाणी किती ते. वीसच्या खाली गेलं की माझा फोन ओरडतो. आता तू गुडघे घेऊन गच्चीवर चढायचं नाहीस, झाकण उघडून बघायचं नाहीस. समजलं?"

"आणि मी बादली आपटली तर तेही दिसतं का?"

"नाही, तेवढं नाही दिसत."

"मग बरं आहे," उम्म बासिल म्हणाली. पण गल्लीत मात्र तिनं महिनाभर मिरवलं. कोणाचा मुलगा परदेशातून आईची टाकी बघतो? इन्शिराह, तिची वरच्या पायरीवरची शेजारीण, आमच्या गल्लीतली सगळ्यात तिखट जीभ, ऐकून ऐकून कंटाळली. "छान झालं हो. टाकी बघतो. आईचं तोंड बघायला कधी येणार म्हणाला?"

हे तिला लागलं. ती उठून पुदिन्याला पाणी घालायला गेली.

मार्च संपता संपता एका बुधवारी पाणी आलंच नाही. खाली कुठेतरी खोदकाम चाललं होतं. सोमवारी दुपारी उम्म बासिल मसूर निवडत बसली होती आणि फोन वाजला. चित्र नव्हे, खरा फोन. पडद्यावर बासिलचा फोटो बघून तिच्या मांडीवरचं ताट कलंडलं, मसूर खोलीभर.

"यम्मा, टाकी एकोणीसवर आली! पाणी आलं नाही का या वेळी?"

"नाही आलं रे. तू कसा आहेस? जेवलास?"

"जेवलो, जेवलो. टँकर मागव तू. औदाला फोन कर. जपून वापर."

"काय जेवलास?"

"भात. भात आणि काहीतरी होतं... कोंबडी. यम्मा, औदाला आजच फोन कर हं."

"आवाज बसलाय तुझा. सर्दी झालीये?"

"एसीमुळे गं. इथे आतबाहेर केलं की होतं असं." आणि मग, हे बघा, तो स्वतःहून हसला आणि म्हणाला, "आज सोमवार, मसूर शिजवतेयस का? मला इथे वास आला."

सगळे मिळून नऊ मिनिटं. ती नऊ मिनिटं तिला आठवडाभर पुरली. रात्री पडल्या पडल्या, सकाळी भाकरी भाजताना, ती आपलं तेच आठवत होती: मला इथे वास आला म्हणाला.

बाई काही खुळी नाही. टाकी खाली गेली की फोन येतो, हे तिला त्याच दिवशी उमगलं. पण पुढच्या बुधवारी पाणी आलं, टाकी काठोकाठ भरली आणि तिच्या जिवाला घोर लागला. एकट्या बाईला पाणी लागतं किती? तांदूळ धुतलेलं पाणी ती पुदिन्याला घालणार, भांडी विसळलेलं पाणी पायऱ्या धुवायला, अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात. नमाजाआधीची हातपाय धुण्याची वजूसुद्धा ती एका छोट्या तांब्यात करायची आणि त्यातही दोन घोट उरवायची. आठवडा संपला तरी टाकी साठाच्या खाली जाईना. फोन नाही. शुक्रवारी गुलाब आला, या वेळी पिवळा.

शनिवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातला नळ सोडला. नुसता सोडला आणि उभी राहिली. पाणी मोरीत पडत होतं, काही न धुता, काही न भिजवता. तिला वाटलं आपण काहीतरी चोरतोय. दहा मोजून व्हायच्या आत तिनं नळ इतका आवळून बंद केला की नंतर उघडताना पक्कड लावावी लागली. "अल्ला माफ करो," ती म्हणाली, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मग ती वर गेली, इन्शिराहच्या दारात.

"तुझा तो बैठकीतला गालिचा धुवायचाय म्हणत होतीस ना?"

"धुवायचाय. रमजान यायच्या आधी धुवीन. पाणी कुठेय?"

"आण खाली. माझ्या अंगणात धुऊ."

इन्शिराहनं दाराला टेकून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझी तब्येत बरी आहे ना? गेल्या वर्षी माझ्याकडे बाळंतीण आली होती तेव्हा एक बादली मागितली, तर चार गोष्टी ऐकवून अर्धी दिलीस. ती सुद्धा गळकी."

"बादली गळकी नव्हती. आणतेस की जाऊ परत?"

"आणते, आणते! डोक्यावरून आणते!"

गालिचा धुतला गेला. दुसऱ्या दिवशी इन्शिराहच्या सुनेचा धुतला गेला. मग कुणाच्या गाद्यांच्या खोळी, कुणाचे लोकरी पडदे, वरच्या घरातल्या लग्नाच्या चादरी. उम्म बासिलच्या अंगणात बायका गुडघ्यापर्यंत सलवारी वर करून गालिच्यावर नाचत होत्या, साबणाचा फेस उडत होता, चहात मरव्याची पानं पडत होती. ती मात्र मध्येच गच्चीवर जाऊन झाकण उघडून बघायची. मुलानं नको सांगितलं होतं तेच. मंगळवारी दुपारी फोन वाजला आणि तिनं ओला हात ओढणीला पुसायची वाट न बघता उचलला.

"यम्मा! अठरा टक्के! अगं, बुधवारी तर भरली होती!"

"हो का? बघते हं. तू कसा आहेस?"

असं पाच आठवडे चाललं. गल्लीतल्या गालिच्यांची इतकी चैन कधी झाली नव्हती. बायकांना कारण कळायला वेळ लागला नाही. इन्शिराहला तर दुसऱ्याच फोनला कळलं, पण तिनं चक्क तोंड बंद ठेवलं, आणि तिच्यासाठी ते काय असतं ते आम्हाला विचारा. उलट सोमवार आला की तीच हाळी द्यायची. "अगं, धुवायला काही आहे का कुणाकडे? उम्म बासिलच्या मुलाचा फोन यायचाय!" ज्यांच्याकडे धुवायला काही नव्हतं त्यांनी धुतलेलंच पुन्हा धुवायला आणलं. एकटी राहणारी बाई ती, पण त्या पाच आठवड्यांत तिच्या अंगणात चप्पल काढायला जागा मिळेना. तिला हे सगळं आवडत होतं, नाही असं नाही. पण बोलता बोलता तिचे कान आतल्या खोलीकडे असत, मोबाईल ठेवला होता तिथे.

पाचव्या फोनला बासिलचा सूर वेगळा होता. "यम्मा, खरं सांग. पाणी जातंय कुठे?"

खरं काय सांगणार? तू फोन करावास म्हणून गल्लीचे गालिचे धुतेय? तिच्या तोंडून निघून गेलं, "टाकी जुनी झालीये रे. गळत असेल कुठेतरी."

"अस्सं," तो म्हणाला. "मग मी बघतो. तू काळजी करू नकोस."

तिला वाटलं, आता बघायचं म्हणजे रोज विचारणार. नवी टाकी कसली, कितीची, कुठे बसवायची, जुनीचं काय करायचं. महिनाभराच्या बोलण्याची सोय झाली. त्या दिवशी तिनं बासिलच्या आवडीचा मकलूबा भात केला आणि अर्धा इन्शिराहकडे पाठवला.

पुढच्या मंगळवारी गच्चीवर जाऊन तिनं बघितलं. बोंड उघडं पडायला आलं होतं. वीसच्या खाली, नक्की. ती खाली येऊन मोबाईल समोर ठेवून बसली. दहा वाजले. अकरा वाजले. आजानचा आवाज झाला, तिनं नमाज पढली तीही मोबाईल शेजारी ठेवून. एक वाजता खालच्या रस्त्यावर भोंगा वाजला आणि औदा टँकरवाला खांद्यावर पाइपचं वेटोळं घेऊन पायऱ्या चढत आला.

"हज्जा, गच्चीचं दार उघडं आहे ना?" वयस्कर बाईला इथे सगळे हज्जा म्हणतात, ती मक्केला गेली असो नाहीतर नसो.

"मी कुठे मागवलाय?"

"तुमच्या बासिलनं मागवलाय. आता तुम्हाला काही बघायला नको. टाकी उतरली की माझ्या मोबाईलवर आपोआप ऑर्डर येते, मी येऊन भरून जातो. नशीबवान आहात."

उम्म बासिल दारात उभी राहिली. "तो काय म्हणाला तुला?"

"काय म्हणणार? काही नाही."

"फोन केला असेल ना त्यानं. आवाज कसा होता? बसलेला होता का?"

औदा भला माणूस आहे. त्यानं पाइप खाली ठेवला. "हज्जा, फोन नाही आला. मोबाईलवर नुसतं आलं. ते त्यानंसुद्धा पाठवलेलं नसतं. आपोआप येतं ते."

"बरं," ती म्हणाली. "भर तू."

अर्धा तास टाकीत पाणी पडत होतं. आमच्या गल्लीत त्या आवाजासारखं सुख नाही, आणि ती पलंगाच्या कडेला बसून ते ऐकत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. इन्शिराह आली, काय झालं ते औदाकडून ऐकलं. ती जवळ बसली. थोड्या वेळानं उम्म बासिलच म्हणाली, "चांगलंच केलंय त्यानं. आईला त्रास नको म्हणून केलंय. मी कोणत्या तोंडानं रागावू?" आणि मग एकदम उठली. "पण मी रागावलेय!"

ती गच्चीवर गेली. औदा पाइप गुंडाळून निघून गेला होता. टाकी तुडुंब. तिनं ती काळी तार दोन्ही हातांत धरली आणि जीव खाऊन ओढली. डबीसकट हातात आली. मग ती धापा टाकत कट्ट्यावर बसली, मांडीवर डबी. समोर टेकड्यांवर घरंच घरं आणि प्रत्येक घरावर टाक्या, पांढऱ्या, काळ्या, गंजलेल्या. इन्शिराह गुपचूप वर येऊन तिचा मोबाईल तिच्या शेजारी ठेवून गेली.

पाच मिनिटं झाली नसतील.

"यम्मा! यम्मा, तू बरी आहेस ना? पडलीस का? बोल काहीतरी!" तो धावत असावा. मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"मी बरी आहे. तार निसटली असेल, त्यासाठी फोन केलास ना?"

"तार गेली खड्ड्यात! तू बरी आहेस ना?"

"मीच काढली तार."

"का?"

"का म्हणजे? तू टाकीला विचारतोस, मला विचारत नाहीस. टँकरवाल्याला निरोप पाठवतोस तोही मशीनकडून. मी काय टाकीची राखणदार आहे?" आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. गालिचे, पडदे, लग्नाच्या चादरी, गळतीचं खोटं. सांगताना ती रडत होती आणि मधूनमधून त्याला गाढवही म्हणत होती.

तो म्हणाला, "यम्मा, मी टाकी बघत नव्हतो गं."

"मग काय बघत होतास?"

"पहाटे पावणेपाचला आकडा थोडासा हलतो. तू वजूला उठतेस. सातला हलतो, तेव्हा तू चहा टाकतेस. दहाला भांडी. गुरुवारी जास्त उतरतो, कपडे. मी कामावर जाताना बसमध्ये तेच बघतो. पावणेपाचला हलला की मी म्हणतो, उठली. आईचं बरं आहे. मग दिवसभर मला फोन करायची गरजच वाटायची नाही. मला वाटायचं, मी तुझ्याकडेच आहे." त्याचा आवाज चिरला. "मध्ये आकडे वेडेवाकडे व्हायला लागले तेव्हा मी घाबरलो होतो. मला वाटलं तू नळ सोडून विसरतेस. म्हातारी झालीस, विसरायला लागलीस, आणि मी इथे. म्हणून टँकरचं केलं. विचारायचं धाडस नव्हतं माझं."

उम्म बासिलनं ओढणीनं तोंड पुसलं. राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. म्हणजे इतके दिवस ती सकाळी उठत होती ते कुणीतरी बघत होतं. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पण ती तेवढ्यावर थांबली नाही.

"तुला माझं सगळं दिसलं, यम्मा," ती म्हणाली. "कधी उठले, कधी भांडी घासली. आणि मला तुझं काय दिसतं? तू उठलास की नाही, जेवलास की नाही, हे मला कुठल्या टाकीत दिसणार?"

मागून हाका मारणाऱ्या माणसाचा आवाज आता येत नव्हता; बासिल कुठेतरी आडोशाला गेला असेल.

"यम्मा," तो हळूच म्हणाला, "मार्चमध्ये माझा हात कापला होता. पत्र्यानं. नऊ टाके पडले."

ती कट्ट्यावरून उठली आणि पुन्हा बसली. "कुठला हात?"

"उजवा."

"मार्चमध्ये. म्हणजे तू भात खाल्ला म्हणालास तेव्हा?"

"हो. तेव्हाच."

"मग जेवत कसा होतास?"

"डाव्यानं," बासिल म्हणाला. "चमच्यानं. सांडायचं बरंच."

इतकं सांगून तो थांबला.

"थांबू नकोस," उम्म बासिल म्हणाली. "पुढचं सांग."